पाणमळ्यावरची हरकत

"शेटेअण्णा, पाणमळ्यावर एकसुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना मॅडम! सकाळपासून चारदा विचारलंत." आवक खिडकीतल्या शेटेअण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "रस्तारुंदीवर ढीगभर आहेत, बागेच्या आरक्षणावर आहेत. एकानं तर शेजाऱ्याच्या गच्चीवर हरकत घेतलीय. पाणमळ्यावर कुणाचीच नाही."

शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकती घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी खिडकी बंद झाली की संपलं. मी नगररचना विभागात सहायक नगररचनाकार होते, नोकरी नवी होती आणि तोंड फटकळ होतं. नोकरी आता संपली, तोंड आहे तसंच आहे.

पाणमळा म्हणजे काय ते सांगते. शहराच्या वरच्या अंगाला नदी वळते, तिथं नांदवडी गाव. ते नुकतंच हद्दीत आलं होतं. गावाच्या खाली नदीकाठाला मोठं खोलगट रान आहे. नदी फुगली की आधी त्या रानात शिरते, पसरते, निवांत होते आणि मग आमच्याकडे येते. आमच्याकडे म्हणजे कुंभारवेशीत. माझं माहेर तिथलं. पाणमळा पाणी पोटात घेतो म्हणून आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. ज्या साली फारच चढलं त्या साली आमच्या वडिलांचे शाडूचे कच्चे गणपती ओळीनं विरघळताना मी पाहिलेत. वडील भिंतीला टेकून बसले होते आणि आई एकेक पाट उचलून वर ठेवत होती.

त्यामुळं पुण्याच्या प्रशिक्षणात जेव्हा एका गोऱ्यागोमट्या बाईंनी शाश्वत विकास शिकवला, पाण्याला त्याची जागा ठेवा, पुढच्या पिढ्यांचा विचार करा वगैरे, तेव्हा मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, बाई, हे आमच्या वेशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परत आल्यावर मी नकाशात पाणमळा हिरवा रंगवला. हिरवा म्हणजे शेती करा, घरं बांधायची नाहीत. आराखडा छापून आला तेव्हा पाणमळा पिवळा होता. पिवळा म्हणजे रहिवासी. बांधा मजल्यावर मजले.

मी नकाशा घेऊन तशीच आमचे विभागप्रमुख बिडकर साहेबांच्या केबिनमध्ये घुसले होते.

"साहेब, हे पिवळं कुणी केलं?"

"वरून आलं."

"वर म्हणजे कोण?"

"वर म्हणजे वर, कुंभार मॅडम." साहेब माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. बोलताना पेनचं टोपण काढायचा, घालायचा. "हे बघा, कुणी हरकत घेतली तर विषय नियोजन समितीपुढं जाईल. सुनावणीत मी पाण्याची बाजू मांडेन, शब्द देतो. पण हरकतच नसेल तर मी कुठल्या तोंडानं विषय काढू?"

"मग मीच घेते."

"घ्या आणि घरी बसा! तुम्ही कर्मचारी आहात. वर तुमचं माहेर कुंभारवेशीतलं. लोक म्हणतील, बाईनं स्वतःच्या घरासाठी सगळा घाट घातला."

लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, पण नोकरी मला हवी होती. मग मी कुंभारवेशीत फिरले. घरोघरी सांगितलं, नुसता साधा अर्ज द्या. आमच्या शेजारचे दगडूकाका म्हणाले, "पोरी, पाण्याचं नाव काढलं की तुझंच ऑफिस आमच्या घरांवर पूररेषा मारणार. मग साधं पत्रं बदलायचं तर परवानगी मिळायची नाही. आपण गप्प राहिलेलं बरं." सख्ख्या वडिलांनीही मान खाली घातली. शहरात पर्यावरणवाल्यांचं एक मंडळ होतं, ते टेकडीवर झाडं लावण्यात गर्क होतं. आणि अशा तऱ्हेनं शेवटचा दिवस उजाडला होता.

मला बसवेना. फाईल उघडावी, मिटावी, खिडकीशी जावं, परत यावं. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काढून नांदवडीला निघाले. तिथं कोण हरकत घेणार होतं देव जाणे! ज्यांच्या जमिनीचं सोनं होणार तेच लोक ते. पण ऑफिसात बसून राहिले असते तर कुणाच्या तरी अंगावर धावून गेले असते.

नांदवडीच्या पारावर विचारलं तर हसायलाच लागले. "हरकत? मॅडम, अजून गुलाल उधळायचा राहिलाय आमचा!" एकानं मला चहा पाजला, दुसऱ्यानं भावी कॉलनीचं नाव काय ठेवावं ते विचारलं. मी त्यांना पाण्याचं सांगायला गेले, तर म्हणाले, "भराव टाकतील की. चांगला पुरुषभर टाकतील."

"आणि पाणी कुठं जाईल?"

"जाईल म्होरं." म्होरं म्हणजे आमच्या वेशीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच ठेवून मी उठले.

पाणमळ्याच्या बांधावर एक माणूस उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, डोक्याला मळकट टॉवेल. खाली रानात दुसरा एक माणूस दोन पोरांकडून चुन्याच्या रेघा मारून घेत होता. आराखडा मंजूरही नाही आणि यांचे प्लॉट पडायला लागले होते! बांधावरचा माणूस खालच्याकडे असा बघत होता की नजरेनं कुणी मरत असतं तर तो मेलाच असता.

"नगरपालिकेच्या मॅडम न्हवं तुमी?" त्यानं मला विचारलं. "मला एक सांगा. पिवळं झालं म्हंजे ह्या बाज्याचं सोनं झालं न्हवं?"

"बाज्या कोण?"

"त्यो खालचा. माझा भाऊ. बाजीराव खराडे. मी हिंदुराव."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. वडील गेल्यावर दोघांनी तोंडी वाटणी केली. वरचं रान चांगलं म्हणून थोरल्या हिंदुरावानं ते पदरात पाडून घेतलं आणि पाणमळ्यातलं दरसाल बुडणारं रान धाकट्याच्या गळ्यात मारलं. त्यावरून जुंपली ती जुंपलीच. बोलणं बंद, जाणं-येणं बंद, लग्नकार्यात पंगती वेगळ्या. आणि आता तोच बुडका पाणमळा पिवळा झाला होता. वरचं रान मात्र आराखड्यात शेतीतच राहिलं होतं.

"माझ्या तोंडाला पानं पुसली बघा!" तो म्हणाला. "ह्ये पिवळं पुसता येत न्हाई व्हय?"

मी त्याच्या शेजारी बांधावर बसलेच. "येतं. हरकत घ्यावी लागते. आजच."

"घेतली की! आना कागूद." मग एकदम त्याचा चेहरा पडला. "पर माझं नाव नगं. गाव हाणंल मला. सगळ्यांस्नी पिवळं पायजे."

"नाव तर लागतं."

तो विचारात पडला आणि मग खूश झाला. "म्हातारीचं घाला! सातबारा अजून आयच्याच नावावर हाय. म्हातारीला कोन काय बोलणार?"

हौसाक्का खराडे घराच्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. विटकं लुगडं नेसलेल्या, काटकुळ्या, नजर तेज. या घरात थोरल्याकडे राहायच्या आणि धाकट्याच्या घरावरून जाताना उगाच रेंगाळायच्या, असं मला पुढं कळलं. मी दारातच बसून अर्ज लिहिला. कारण म्हणून लिहिलं, सदर क्षेत्रात दरवर्षी पुराचे पाणी साठते, तेथे बांधकाम झाल्यास पाणी शहरात शिरेल.

"आये, अंगठा लाव," हिंदुराव म्हणाला.

"कशाला?"

"बाज्याची जिरवायला."

मला लाज वाटायला हवी होती म्हणता? मुळीच वाटली नाही. मला हरकत हवी होती, ती भाऊबंदकीतून आली काय आणि देवघरातून आली काय. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती म्हणून म्हटलं, "आज्जी, यात लिहिलंय की पाणमळ्यात पाणी येतं, तिथं घरं नकोत."

"येतंयच की," त्या म्हणाल्या. "ह्या दोघांस्नी ल्हान असताना मालकांनी गुळाच्या काहिलीत घालून पुरातनं भाईर काढलं हुतं. एकाच काहिलीत." आणि त्यांनी अंगठा उठवला.

परत येताना मी स्कूटी कशी मारली ते माझं मला माहीत. शेटेअण्णा खिडकीचं दार ओढत होते, त्यात मी हात घातला. "अहो, बोटं जातील!" म्हणून ओरडले, पण शिक्का मारला. पाणमळ्यावर एकुलती एक हरकत नोंदली गेली.

सुनावणी दिवाळी होऊन गेल्यावर लागली. पालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये समिती बसायची आणि बाहेरच्या व्हरांड्यात लोकांची ही गर्दी. मी नावं पुकारायला आणि नकाशे दाखवायला होते. खराड्यांचं नाव दुपारनंतर होतं. मी सकाळपासून दर थोड्या वेळानं जिन्यात डोकावत होते. आले का? आज्जी आली का? बिडकर साहेब दोनदा म्हणाले, "मॅडम, जरा एका जागी बसाल का?"

आले. पण जिन्यातून आधी वर आला तो मोरबाळे, जमिनीचा एजंट. हातात चामड्याची बॅग, कपाळाला गंध. मागून हौसाक्का धरधरून चढत होत्या. त्यांच्या मागं हिंदुराव. आणि त्याच्याही मागं, दोन पायऱ्या सोडून, बाजीराव.

व्हरांड्यात हिंदुराव एका बाकड्यावर बसला, बाजीराव पार दुसऱ्या टोकाच्या बाकड्यावर. म्हातारी मध्ये कुठंतरी भिंतीला टेकून खाली बसली. मोरबाळे दोघांच्या मधून येरझारा घालत होता.

"काय हिंदुराव, दोघं एकत्र?" मी विचारलं.

"मिटलं बघा मॅडम!" हिंदुराव टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला. "मोरबाळे सायबांनी मिटवलं. सगळा पानमळा एकदम घेणारा बिल्डर हाय. पिवळं झालं तर आमच्या रानाचं निम्मं मला, निम्मं त्याला. हरकत काढून घ्यायला आलोय."

"अहो, आणि पाणी?"

"पानी काय मॅडम, येतंय न् जातंय."

"त्या दिवशी तुम्हीच ना म्हणाला..."

"तवा वायलं हुतं."

माझं डोकं फिरलं. "भावाशी बोललात तरी का? की नुसतंच मिटलं?"

"बोलायचं कशापायी? मोरबाळे हाय की मधी." त्यानं दुसऱ्या बाकड्याकडं मानही वळवली नाही.

मोरबाळे हसला. "मॅडम, अर्जदारावर दबाव आणू नका हं. उगाच तुमच्याच नोकरीवर यायचं."

मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि चहा घेऊन म्हातारीपुढं बसले. आता तीच एक उरली होती. अर्ज तिच्या नावाचा, तर काढून घेतानाही तोंड तिचंच लागणार होतं. मी तिला कुंभारवेस सांगितली. वडिलांचे विरघळलेले गणपती सांगितले, आई पाट कशी उचलत होती ते सांगितलं. म्हातारी बशीतून चहा पीत होती. ऐकत होती की नव्हती कुणास ठाऊक.

बशी खाली ठेवून म्हणाली, "बाई, एक सांग. माझा अंगठा न् ह्या दोघांच्या सह्या झाल्या, जमीन गेली, की मग काय असतंय?"

"काय असतंय म्हणजे?"

"परत कदी यावं लागतंय का दोघांस्नी? हितं, कचेरीत, कुटं?"

मी इथं पोटतिडकीनं पुराचं सांगतेय आणि हिचं भलतंच! मी चिडून म्हटलं, "कशाला यावं लागेल? एकदा खरेदीखत झालं की ज्याची त्याची वाट. परत तोंड बघायची गरज नाही एकमेकांचं."

"आसं," म्हातारी म्हणाली आणि पदर नीट केला.

आतून नाव पुकारायची वेळ झाली. मीच पुकारलं. "हौसाबाई गणपती खराडे, नांदवडी."

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, गोखले की गोडबोले असं काहीतरी आडनाव, सकाळपासून बसून कंटाळलेले. शेजारी तीन नगरसेवक, एक पेंगत होता. हिंदुराव आईच्या उजव्या हाताला उभा राहिला, बाजीराव डाव्या हाताला. मोरबाळे दारात.

"आजी, ही हरकत तुमचीच?"

"व्हय."

"आता ती मागं घ्यायची म्हणताय?"

हिंदुरावानं तिला कोपरानं ढोसलं. म्हातारी समोर बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई."

"आये!" दोघं एकदम ओरडले. पेंगणारा नगरसेवक जागा झाला.

"आये, घरात काय ठरलं हुतं?" हिंदुराव तिच्या कानाशी म्हणाला.

"तुजं ठरलं हुतं. ह्याचं ठरलं हुतं. त्या बॅगवाल्याचं ठरलं हुतं. मला कुनी इचारलं?"

अध्यक्षांनी हात वर केला. "शांत राहा. आजी, हरकत कायम ठेवायची तर कारण सांगा. जमीन पिवळी झाली तर तुमच्याच मुलांचा फायदा आहे."

"त्येच तर नगं, सायब." म्हातारी एक पाऊल पुढं आली. "ही दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. जल्मात बोलली न्हाईत आसं झालंय. पर रान हाय, म्हनून बांधावर तरी उबी ऱ्हात्यात. ह्यो वर, त्यो खाली. शिव्या तरी देत्यात. रान गेलं की एक जाईल पुन्याला, एक ऱ्हाईल हितं. मी मेल्यावर खांदा द्यायलाबी दोगं येगयेगळ्या वाटंनं येतील. रान ऱ्हाऊ दे. बुडू दे दरसाल. भांडाय तरी समोर येतील."

माझ्या हातातला नकाशा खाली घसरत होता तो मी पकडला. बिडकर साहेब टोपण काढायचं-घालायचं विसरले होते.

अध्यक्ष खाकरले. "आजी, असं कारण मला लिहून घेता येत नाही."

आता गप्प बसले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं. "सर, अर्जात कारण लिहिलेलं आहे. पुराचं पाणी."

अध्यक्षांनी अर्ज वाचला. "आजी, हे पाण्याचं खरं आहे?"

"तेबी खरंच हाय की! पानी येतंयच."

मग बिडकर साहेब उठले. माझा विश्वास बसेना, पण उठले. पाणमळ्यात किती पाणी मावतं आणि ते अडवलं तर शहरातल्या कुठल्या पेठा बुडतील ते सगळं त्यांनी सांगितलं. कुंभारवेशीचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा मी नकाशाकडं बघत राहिले, वर मान केली नाही. अध्यक्षांनी हरकत मान्य करण्याची शिफारस लिहिली. पुढं आराखडा मंजूर होऊन आला त्यात पाणमळा हिरवाच होता आणि अजूनही आहे. मध्ये दोन मोठे पूर येऊन गेले, आमच्या घरात पाऊलभर पाणी आलं, गणपती वाचले. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

हॉलमधून बाहेर पडल्या पडल्या मोरबाळे बॅग बगलेत मारून तरातरा जिना उतरून गेला. दोघं भाऊ मात्र आईवर तुटून पडले. व्हरांड्यातली गर्दी बघायला लागली.

"घर बुडवलंस म्हातारे!" बाजीराव ओरडत होता. "सोन्यासारखा सौदा!"

"माझ्याच पोटावर पाय दिलास!" हिंदुराव ओरडत होता. "माझ्या घरात खातीस न्..."

म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. मला राहवेना. मी मध्ये पडले, "अहो, जरा जनाची लाज बाळगा! आई आहे ना ती तुमची?"

तेवढ्यात बाजीराव गर्रकन हिंदुरावाकडं वळला. "आनि तू! तू अर्ज हिच्या नावानं घातलासच कशाला, दादा?"

"मला काय सपान पडलं हुतं, म्हातारी आशी उलटंल?"

"इचारायचं तरी मला!"

"तू बोलत हुतास व्हय माझ्याशी?"

"तू बोलत हुतास?"

असं बोलत बोलत, एकमेकांवर हात नाचवत, दोघं जिना उतरायला लागले. मी कठड्यावरून खाली बघितलं. आवारात बाजीरावानं मोटारसायकल सुरू केली, हिंदुराव मागं बसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी ओरडत राहिला. म्हातारीला शिव्याच देत असणार. गाडी फाटकातून बाहेर पडली. आपण आईला वर विसरून चाललोय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं, की मुद्दामच टाकून गेले, देव जाणे.

"नालायक!" मी ओरडले. "बघितलंत आज्जी? तुम्हाला इथंच टाकून गेले!"

म्हातारी कधीची माझ्या शेजारी कठड्याशी येऊन उभी होती. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून ती फाटकाकडं बघत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"गप ग बाई," ती म्हणाली. "दादा म्हनला त्याला. ऐकलंस न्हवं तू?"

"ऐकलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मी स्कूटीची किल्ली काढली, म्हटलं, चला, मी सोडते तुम्हाला नांदवडीला, आत्ता गाठू त्यांना.

"नगं," म्हातारी म्हणाली आणि माझा हात धरून मला थांबवलं. "जाऊ देत दोगं म्होरं. आपन सावकास निगू."